बंद झालेला प्रोग्राम आणि न निघालेले थ्रेड

तंजावर जिल्ह्यात, कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या दरम्यान वसलेल्या कुंभकोणम या गावी १९०४ साली 'कुंभकोणम बँक' स्थापन झाली. आज ती सिटी युनियन बँक या नावाने ओळखली जाते आणि तिचे मुख्य कार्यालय त्याच गावी आहे. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी नोंदींचा ताळा पाहत असता या बँकेच्या एक गोष्ट ध्यानात आली : बँकेने कधीच न दिलेले तीन आदेश 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून परदेशी रवाना झाले होते. तिन्ही रकमा मिळून सुमारे वीस लक्ष डॉलर भरत होत्या. पोचपावत्या छापणारा प्रिंटर आक्रमणकर्त्यांनी निकामी करून ठेवला होता, त्यामुळे कागदावर काहीच उमटले नव्हते. चोरी उघडकीस आली ती ताळा जुळेना म्हणून.

प्रस्तुत प्रकरणात ज्या दोषाचे विवेचन करावयाचे आहे तो चोरीचा नव्हे, पुष्कळ साधा आहे. परंतु तोही ताळ्यातूनच कळतो. डेटाबेसशी बोलणारा प्रोग्राम बंद होताना, आत किती आले आणि बाहेर किती गेले याची मोजदाद करतो, व ती जुळली नाही तर तक्रार नोंदवतो. या तक्रारीकडे दुर्लक्ष करण्याची प्रवृत्ती फार आढळते.

थ्रेड म्हणजे धागा. एकच प्रोग्राम एकाच वेळी अनेक कामे चालवू लागला, की त्यातील प्रत्येक स्वतंत्र कार्यप्रवाहास थ्रेड म्हणतात. बँकेच्या खिडकीवरील प्रोग्रामचे उदाहरण घेतल्यास, एक थ्रेड पडद्यावर शिल्लक दाखवीत असतो, दुसरा पडद्यामागे दिवसाच्या नोंदी डेटाबेसमध्ये भरीत असतो, तिसरा सर्व्हरशी असलेली जोडणी तुटली नाही ना हे अधूनमधून तपासतो. कारकून खिडकी बंद करतो तेव्हा पहिला थ्रेड थांबतो. उरलेल्या दोघांना ही वार्ता कोणी कळवायची, हाच प्रश्न आहे.

१९९५ साली स्वीडनमध्ये जन्मास आलेल्या मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ही मोजदाद स्पष्ट दिसते. इतर प्रोग्राम ज्या लायब्ररीच्या द्वारे या डेटाबेसशी बोलतात, ती लायब्ररी प्रत्येक थ्रेडला प्रथम प्रवेशाच्या वेळी थोडी खाजगी स्मृती देते आणि एका गणकात एक मिळवते. जाताना थ्रेडने 'मायएसक्यूएल_थ्रेड_एंड' हे फंक्शन बोलावून ती स्मृती परत करावी, म्हणजे गणकातून एक वजा होतो. येथे एक विषमता आहे व तीच बहुतेक तक्रारींचे मूळ होय : येण्याची नोंद जोडणी सुरू करताना आपोआप होते, जाण्याची मात्र आपोआप होत नाही. ती प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच करावी लागते. शेवटी 'मायएसक्यूएल_लायब्ररी_एंड' बोलावले गेले, की लायब्ररी गणक शून्यावर येण्याची वाट पाहते. ही प्रतीक्षा पाच सेकंदांची असते. त्यानंतरही आकडा उरलाच, तर 'इतके थ्रेड बाहेर पडले नाहीत' अशा आशयाचा संदेश उमटतो आणि प्रोग्राम संपतो.

या संदेशाचा शब्दशः अर्थ घेणे हीच पहिली चूक ठरते. थ्रेड अद्याप जिवंत आहे असे तो सिद्ध करीत नाही. गणक शून्यावर आला नाही एवढेच सांगतो. थ्रेड केव्हाच संपला असेल, मात्र जाताना सही करावयास विसरला असेल. उलट तो खरोखरच आत अडकून पडला असेल. या दोन्ही रोगांची लक्षणे एक आहेत, औषधे निराळी.

निदान अवघड नाही. लिनक्स प्रणालीत 'प्रॉक' या निर्देशिकेत प्रत्येक चालू प्रोग्रामखाली 'टास्क' नावाची उपनिर्देशिका असते आणि तीत दर थ्रेडमागे एक नोंद असते. लायब्ररी बंद करणाऱ्या ओळीपूर्वी प्रोग्राम क्षणभर रोखून धरावा आणि या नोंदी मोजाव्यात. केवळ मुख्य थ्रेडच उरला असेल, तर दोष विसरलेल्या सहीचा आहे. प्रत्येक कार्यकारी थ्रेडच्या शेवटी, चूक होऊन बाहेर पडण्याच्या वाटांसह, ते एक फंक्शन बोलावले की काम भागते. 'चूक होऊन' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण सरळ वाटेवर सही करणारे थ्रेड आडवाटेने निघताना ती हमखास विसरतात.

नोंदी अधिक भरल्या, तर डिबगर जोडून प्रत्येक थ्रेड कोणत्या फंक्शनमध्ये थांबला आहे हे पाहावे. पुष्कळदा तो सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत झोपलेला आढळतो. 'आता थांबावे' अशी खूण स्मृतीत ठेवून काही उपयोग होत नाही, कारण झोपलेल्याला पाटी वाचता येत नाही. त्याला आधी जागे करावे लागते. त्यासाठी वाचनास कालमर्यादा घालावी, किंवा दुसऱ्या जोडणीवरून 'किल क्वेरी' ही आज्ञा धाडून त्याची चालू पृच्छा थांबवावी. त्याचीच जोडणी बाहेरून परस्पर तोडू नये, कारण एक जोडणी दोन थ्रेडनी एकाच वेळी हाताळणे या लायब्ररीस मानवत नाही. त्यानंतर मुख्य थ्रेडने त्याच्या समाप्तीची वाट पाहावी, आणि मगच लायब्ररी बंद करावी. हा क्रम उलटला की उरलेला थ्रेड परत गेलेल्या स्मृतीस हात घालतो आणि प्रोग्राम अखेरच्या क्षणी कोसळतो.

घाईचे उपाय अर्थातच प्रचलित आहेत. २००७ च्या सुमारास विंडोजवर पीएचपी वापरणाऱ्या अनेकांना हा संदेश दिसू लागला, तेव्हा लायब्ररीची जुनी फाईल आणून बसवण्याचा सल्ला हातोहात पसरला. संदेश पुष्कळांच्या बाबतीत गेलाही. दुसरा उपाय म्हणजे प्रोग्राम सक्तीने मारणे. सी भाषेतील प्रोग्रामचा मुख्य थ्रेड संपला की इतर थ्रेड असतील तेथे तोडले जातातच, मग सक्तीने काय बिघडते, असे विचारले जाते.

बिघडते ते डेटाबेसच्या बाजूस. समजा, पडद्यामागील थ्रेडने एका खात्यातून रक्कम वजा केली आहे आणि दुसऱ्यात मिळवावयाची आहे. प्रोग्राम मेल्यावर प्रणाली जोडणी बंद करते, सर्व्हरला ते कळते, आणि इनोडीबी पद्धतीच्या कोष्टकांत अर्धा व्यवहार मागे घेतला जातो. मायआयसॅम या जुन्या पद्धतीच्या कोष्टकांत मात्र व्यवहार ही संकल्पनाच नसल्याने वजाबाकी तशीच राहते. याहून वाईट अवस्था प्रोग्रामचे यंत्रच एकाएकी वीज जाऊन बंद पडले तर होते. जोडणी तुटल्याचा निरोप मग सर्व्हरपर्यंत पोचत नाही. निष्क्रिय जोडणी सहन करण्याची त्याची मूळ मर्यादा २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास आहे. तोवर, किंवा मृत जोडणी नेटवर्कच्या थरावर ओळखली जाईपर्यंत, त्या खात्याच्या ओळीवरील कुलूप तसेच राहते, आणि पुढचा खातेदार खिडकीशी ताटकळत उभा राहतो.

जावा भाषेत नियम वेगळा आहे. तेथे 'डीमन' म्हणून घोषित केलेले थ्रेड वगळता इतर कोणताही थ्रेड उरला असता प्रोग्राम संपतच नाही. टॉमकॅट सर्व्हरवर एखादा उपप्रोग्राम काढून घेतला असता, मायएसक्यूएलच्या जोडणीदाराने सुरू केलेला, टाकून दिलेल्या जोडण्या आवरणारा थ्रेड मागे राहिल्याची सूचना अनेकांनी वाचली असेल. तो डीमन असला तरी टॉमकॅट स्वतः चालूच असल्याने तो मरत नाही, आणि काढलेल्या उपप्रोग्रामची स्मृती धरून बसतो. प्रत्येक नव्या स्थापनेगणिक ती साचते. उपप्रोग्राम उतरविण्याच्या वेळी त्या थ्रेडला बंद करणारे फंक्शन बोलावणे, किंवा जोडणीदार टॉमकॅटच्या सामाईक लायब्ररीत ठेवणे, हे त्यावरचे उपाय आहेत.

सर्व्हर स्वतः बंद होत असतानाही त्याचे पडद्यामागील थ्रेड रेंगाळतात, पण तो दोष समजू नये. स्मृतीतील बदललेली पाने डिस्कवर उतरविण्याचे काम त्यांच्याकडे असते. मोठ्या डेटाबेसला यास बराच वेळ लागतो, आणि नोंदवहीत 'पाने उतरविली जाण्याची वाट पाहत आहे' असा संदेश पुनःपुन्हा उमटतो. अशा वेळी अधीर होऊन सर्व्हर मारला, तर उरलेले काम पुढच्या आरंभी दुरुस्तीच्या रूपाने करावे लागते, आणि तेवढा वेळ खिडक्या उघडत नाहीत.