शेवटचे धडधाकट कधी पाहिले?

आमच्या चाळीतल्या एका काकूंच्या अंगावरून वारे गेले. कुणी तेल आणले, कुणी कबुतराचे रक्त चोळा म्हणाले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "केव्हा झाले?" कुणालाच सांगता आले नाही. मी कारकून माणूस, कचेरीत प्रत्येक कागदावर आवक तारीख टाकतो. पण तिथे माझ्याकडेही वेळ नव्हती.

बंधू-भगिनींनो, हा रोग हातापायांचा नाही, मेंदूचा आहे. बहुतेकदा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देतात, पण मोठ्या गुठळीला ते पुष्कळदा पुरत नाही. मग डॉक्टर जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत ती मेंदूपर्यंत नेतात. नळीतून तारेची जाळी उघडते, गुठळीत रुतते आणि गुठळीसकट मागे ओढली जाते. कधी गुठळी शोषूनही काढतात. डोके उघडावे लागत नाही. या उपचाराला मेकॅनिकल थ्रॉम्बेक्टॉमी म्हणतात.

नेदरलँड्समधील १६ रुग्णालयांत ५०० रुग्णांवर याची पारख झाली. निष्कर्ष २०१५ साली छापून आले. नुसत्या नेहमीच्या उपचाराने शंभरातले १९ जण तीन महिन्यांनी आपले आपण वावरू लागले होते. गुठळी काढण्याची जोड दिलेल्या गटात ३३. म्हणजे हा चमत्कार नव्हे, दोन तृतीयांश रुग्ण परावलंबी राहिले किंवा दगावले. पण त्या १४ जणांच्या घरी काय फरक पडला असेल, ते हातावर पोट असणाऱ्याला सांगायला नको.

२०१८ पासून तपासणीत मेंदू वाचण्याजोगा दिसला तर काही निवडक रुग्णांना २४ तासांपर्यंतही हा उपचार देतात. म्हणून थांबायचे मात्र नाही.

तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, यांतले एकही पुरे. १०८ ला फोन करा. सीटी स्कॅन आणि ही सोय कुठे आहे ते विचारा. खर्च मोठा असतो, सोय सगळीकडे नाही. आपल्या भागातले रुग्णालय आजच माहीत करून ठेवा. वडील रात्री दहाला बरे झोपले आणि पहाटे पाचला मुके दिसले, तर वेळ दहाची धरतात. ती कागदावर लिहा, चालू गोळ्यांची पाकिटे सोबत घ्या. घरी ॲस्पिरिन देऊ नका. मेंदूत रक्तस्राव झाला तरी लक्षणे हीच दिसतात, फरक स्कॅनमध्येच कळतो. चहा-पाणीही पाजू नका, गिळता आले नाही तर ते श्वासनलिकेत जाते.