राजा वितळला, काडतुसे झाली
ठासणीच्या बंदुकीसाठी गोळ्या ओतणे हे अठराव्या शतकातल्या अमेरिकेत अनेक घरांतले नेहमीचे काम होते. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, ९ जुलै १७७६ रोजी न्यू यॉर्कमध्ये जमावाने ब्रिटनच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा सोनेरी मुलाम्याचा शिशाचा पुतळा पाडला. त्याचे बरेचसे तुकडे कनेटिकटमधल्या लिचफिल्ड गावी, स्वातंत्र्यपक्षाचे नेते ऑलिव्हर वोलकॉट यांच्या घरी पोहोचले. तिथे घरच्या मुलांनी आणि शेजारणींनी ते वितळवून गोळ्या ओतल्या, ४२,०८८ काडतुसे तयार केली. वोलकॉटांच्या टिपणात नावानिशी आकडे आहेत: रूथ मार्विन ११,५९२, मेरी अ‍ॅन १०,७९०, लहानगा फ्रेडरिक ९३६. बायकामुलांचे असे श्रम युद्धाच्या इतिहासात क्वचितच नोंदले जातात, म्हणून हा कागद फार मोलाचा.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे घरची आगही पुरते. साचा गार असला की गोळीवर सुरकुत्या पडतात. अशा गोळ्या पुन्हा वितळायला टाकायच्या. तापलेल्या रसात पाण्याचा थेंब पडला तर वाफेच्या जोराने रस अंगावर उडतो. शिसे शरीरात साठत जाते आणि मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वाधिक धोका असतो. त्यामुळे ठासणीच्या बंदुकांचे आजचे जाणते हौशी मुलांना दूर ठेवून, मोकळ्या हवेतच गोळ्या ओततात.