व्यासपीठाला नमस्कार नको

गालिचा गोल कापायची युक्ती मला परवा कळली. एकाने मधोमध अंगठ्याखाली सुतळी दाबून धरायची, दुसऱ्याने तिच्या टोकाला खडू बांधून फेर धरायचा आणि तिसऱ्याने मागून कटर चालवायचा. पुण्यातल्या एका कॉलेजच्या सभागृहात रात्री अकरा वाजता हे चाललं होतं. कडा उचलली जाऊ नये म्हणून खालून दुहेरी चिकटपट्टी. "सर, यात पाय अडकून कुणी पडलं तर बाकीची भाषणं राहतील बाजूला, तोच व्हिडिओ फिरेल," कटरवाला म्हणाला.

तो लाल गालिचा म्हणजे टेडेक्स. टेड ही मूळ परिषद 1984 ची, कॅलिफोर्नियातली. 2009 पासून परवाना काढून आपापल्या गावात, कॉलेजात तसा कार्यक्रम करता येतो. परवान्याला पैसे पडत नाहीत, अटी मात्र भरपूर पडतात. भाषण 18 मिनिटांच्या आत. वक्त्याला मानधन नाही. मंचावरून राजकारण, धर्मप्रचार, मालाची विक्री नाही. आणि परवानाधारक स्वतः टेडच्या परिषदेला जाऊन आलेला नसेल तर प्रेक्षक 100, त्याहून एकही जास्त नाही.

या शंभरानेच पोरांचा घाम काढला. सभागृह सहाशेचं! पासासाठी विश्वस्तांच्या मेहुण्यांपासून सगळ्यांचे फोन. परवाना तिसऱ्या वर्षातल्या एका मुलाच्या नावावर. तो छापील नियमावली घेऊन ऑफिसात तीनदा जाऊन आला. शाल-श्रीफळ नाही, आभारप्रदर्शन नाही हे ऐकून तिथे सुतकच पडलं. शेवटी तोड निघाली : समई बाहेर, पोर्चमध्ये पेटवायची.

मला बोलावलं होतं ते भाषणं कापायला. उपसंपादकीत आयुष्य गेलं, दुसऱ्याचं लिहिलेलं कापताना माझा हात थरथरत नाही. पण रानड्यांनी 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली त्या शहरात वक्त्यासमोर उलटं घड्याळ लावायचं, म्हणजे तसं धाडसच.

वक्त्यांत जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्यांची पहिली तालीम भरली 34 मिनिटं. त्यातली तीन आदरणीय व्यासपीठ, सन्माननीय परीक्षक आणि माझ्या बालमित्रांनो यांत. परीक्षक कुणी नव्हतेच, पण इतक्या वर्षांची सवय. दुसऱ्या वर्षातली एक मुलगी वही घेऊन समोर बसलेली. ती हळूच म्हणाली, "बाई, व्यासपीठाला नमस्कार नको. व्यासपीठावर तुम्ही एकट्याच असणार."

बाई हसल्या, पण लागलं त्यांना. मग त्या मुलीने जे केलं ते मला तीस वर्षांत जमलेलं नाही. एक ओळही न खोडता तिने विचारलं, "ऊसतोडीला गेलेला तो मुलगा मार्चमध्ये परत आला, तेव्हा वर्गात कुठे बसला?" बाई क्षणभर थांबल्या. "दारात. त्याची जागा दुसऱ्याने घेतली होती." मुलगी म्हणाली, "इथून सुरू करू." सोळा मिनिटं आपोआप गळाली. शैक्षणिक धोरणावरचा परिच्छेद तेवढा मी कापला. त्याला काही अक्कल लागत नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी गोंधळ झालाच. कथक करणाऱ्या मुलीला गालिचा हटवून हवा होता आणि तो तर जिवानिशी चिकटवलेला. ती पुढच्या दोन हात जागेत नाचली, आणि छान नाचली. मध्येच घड्याळ दाखवणारा लॅपटॉप झोपी गेला. एक मुलगा वाकून, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून पहिल्या रांगेपुढे बसून राहिला.

बाई नेमक्या तेव्हाच मंचावर. नवव्या मिनिटाला त्या अडकल्या. सभागृहात चिडीचूप. वहीवाली मुलगी विंगेत माझ्या शेजारी उभी होती; तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. गालिच्याच्या कडेपर्यंत चालत गेल्या, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "तो इथे बसला होता. दारात." पुढे सगळं सरळ गेलं.

विंगेत आल्यावर त्यांनी घाम पुसत पहिला प्रश्न विचारला, "किती झाली गं?"

"सतरा चाळीस, बाई."

"म्हणजे वीस सेकंद उरली होती की," बाई म्हणाल्या. "नमस्कार बसला असता."