थीसिस सांगा, मार्वे ते मनोरी!

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक तरी असतोच. चांगली चालू नोकरी सोडून एम.टेक.ला नाहीतर पीएच.डी.ला गेलेला. शनिवारी कट्ट्यावर भेटला की कोणीतरी विचारतं, 'काय रे, तू नेमकं करतोस काय?' आणि गडी अडकतो. 'मेम्ब्रेन', 'फाउलिंग', 'ऑप्टिमायझेशन' असे चार शब्द फेकतो आणि मग म्हणतो, 'जाऊ दे, चहा सांग.'

दोष त्याच्या एकट्याचा नाही. संशोधनाच्या पदवीत शोधायचं कसं ते शिकवतात. सांगायचं कसं, हे मात्र वर्षानुवर्षं ज्याने त्यानेच शिकायचं. गाइडला कळलं, व्हायवा झाली, विषय संपला! पण इंटरव्ह्यू घेणारे, निधी देणारे आणि वर्गातली पोरं ही काही गाइड नसतात.

टीएगिरीचा फायदा

आता हे नियमातच आलंय. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाने, विषय कुठलाही असो, अध्यापनाचं आणि लेखनाचं प्रशिक्षण घ्यायचं आहे. शिवाय आठवड्याला ४ ते ६ तास ट्युटोरियल, लॅब, मूल्यमापन असं कामही देता येतं. पवईच्या आयआयटीत टीचिंग असिस्टंट, म्हणजे 'टीए', हा प्रकार जुनाच.

अनेकांना ही वेठबिगारी वाटते. पण फर्स्ट इयरच्या मुलाने 'सर, ही पायरी कुठून आली?' असं विचारलं की आपलाच फंडा किती क्लिअर आहे ते कळतं. ऑफिसात ज्याला 'क्लायंट हँडलिंग' म्हणतात, त्याची ही पहिली प्रॅक्टिस.

स्टेज हवंय?

आपल्याकडे आहे. राज्यातल्या विद्यापीठांसाठी २००६ मध्ये 'आविष्कार' संशोधन स्पर्धा सुरू झाली. पोस्टरपाशी उभं राहायचं, परीक्षक येतील तसं समजावायचं, प्रश्न झेलायचे. टीआयएफआरने २००९ मध्ये जुहूच्या पृथ्वी थिएटरात रविवारी सकाळी 'चाय अँड व्हाय?' सुरू केलं. समोर शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत कोणीही. बोअर झालं तर माणूस सरळ चहाच्या काउंटरकडे जाणार. यापेक्षा प्रामाणिक फीडबॅक कुठला?

ऑस्ट्रेलियात तर २००८ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठाने 'थ्री मिनिट थीसिस' काढली. तीन मिनिटं, एक स्लाइड, ॲनिमेशन नाही. कल्पना सुचली दुष्काळामुळे! पाणी वाचवायचं म्हणून लोकांनी बाथरूममध्ये तीन मिनिटांचं घड्याळ लावलं होतं. तेवढ्यात आंघोळ होते, तर थीसिस का नाही?

मनोरी टेस्ट

पाण्यावरूनच आपली मुंबईची टेस्ट घ्या. महापालिकेने मनोरीत समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आखला, सुरुवातीला रोज २०० दशलक्ष लिटरचा. समजा, तुमचा थीसिस याच विषयावर आहे. मार्वेहून मनोरीला जाणाऱ्या फेरीबोटीत शेजारी एक कोळीण मावशी बसल्यात. खाडी ओलांडायला काही मिनिटंच लागतात. तेवढ्यात सांगून दाखवा.

'मावशी, समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते पाणी जोरात दाबून एका बारीक पडद्यातून ढकलायचं. गोडं पाणी पलीकडे जातं, मीठ अलीकडे राहतं.' झालं, मिनिटभरात! पण खरी परीक्षा पुढे आहे. मावशी विचारणार, 'मंग ते उरलेलं पाणी टाकनार कुठं? आमच्या म्हावऱ्याचं काय?' अर्धं पाणी गोडं करून काढलं, तर उरलेलं जवळजवळ दुप्पट खारट होतं. ते कुठे, किती खोल, कसं सोडायचं हा संशोधनाचाही कळीचा प्रश्न आहे. तो मावशींनी स्लाइड न बघता पकडला. ज्यांच्या दारात प्रकल्प येणार त्यांना समजेल असं बोलता येणं म्हणजे निव्वळ 'सॉफ्ट स्किल' नाही, त्या कामाचाच तो भाग आहे.

एवढं करून बघा

• आधी समोरच्याचा प्रश्न सांगा, मग तुमची पद्धत.

• एका स्लाइडवर एकच मुद्दा. स्लाइड वाचून दाखवू नका, लोकांना वाचता येतं.

• तालीम विषय न कळणाऱ्या मित्रासमोर करा. तो जिथे मोबाइल काढेल, तिथे खूण करा.

• महिन्यातून एकदा कोणाला तरी शिकवा. ज्युनियर, शेजारची दहावीतली मुलगी, कोणीही चालेल.

• 'माहीत नाही, बघून सांगतो' हे बिनधास्त म्हणा, आणि खरंच बघून सांगा.

नोकरी सांभाळून पार्ट-टाइम पीएच.डी. करण्याची सोयही याच नियमांत आहे. विचार करत असाल तर प्रेझेंटेशनचा सराव तुम्हाला आधीच आहे. फक्त आता समोरचा माणूस पगारासाठी ऐकत बसलेला नसेल.