रोममधल्या आठ संध्याकाळी आणि 'चांगलं' हॉटेल

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. "प्रपोजलमध्ये ऑपरेशनल डेफिनिशन लिहा म्हणतात, ते नेमकं काय असतं?" पुस्तकी उत्तर एका ओळीचं आहे: जी गोष्ट मोजायची ती प्रत्यक्षात कशी ओळखायची, हे मोजायला बसण्याआधी लिहून ठेवायचं. हे वाक्य मी एम.एस्सी.ला पाठ केलं होतं. कळलं मात्र रोममध्ये, जेवायला जागा शोधताना.

झालं असं की गेल्या वर्षी मे महिन्यात एका कार्यशाळेसाठी मी आणि आमच्या लॅबमधली एक ज्युनिअर रोमला गेलो. मुक्काम आठ दिवसांचा. दुपारचं जेवण आयोजकांकडे, रात्रीचं आपापलं. फेलोशिपचा हप्ता नेहमीप्रमाणे अडकलेला, म्हणून रात्रीच्या जेवणाला माणशी २० युरो असं ठरवून टाकलं. ज्युनिअर सांगलीकडची, जैन घरातली. घराबाहेर कांदा-लसूण चालवून घेते, पण अंडंसुद्धा नाही. मी सगळं खाते. तर दोन माणसं, एक बजेट आणि आठ संध्याकाळी, एवढा आमचा प्रयोग.

पहिल्या रात्री विमानातून उतरून तेर्मिनी स्टेशनजवळ पोचेपर्यंत भूक अनावर झाली होती. फोनवर 'इटालियन रेस्टॉरंट' असं शोधलं. (रोममध्ये हे टाइप करणं म्हणजे कोल्हापुरात 'महाराष्ट्रीयन हॉटेल कुठे आहे' विचारण्यासारखं, पण दमलेल्या माणसाला हे सुचत नाही.) सर्वांत वर ४.९ तारेवालं हॉटेल आलं. दारात सहा भाषांतलं मेनूकार्ड, प्रत्येक पदार्थाचा फोटो. मी कार्बोनारा मागवला, तर क्रीममध्ये बुडालेला पास्ता आला. रोमच्या कार्बोनारात अंडं, पेकोरिनो चीज, मिरी आणि गुआन्चाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, एवढंच असतं. क्रीम नसतंच, दाटपणा येतो तो अंडं, चीज आणि पास्त्याच्या गरम पाण्यातून. बिल दोघींचं मिळून ५२ युरो. "पण ताई, ४.९ होतं ना?" ज्युनिअर म्हणाली. खोलीवर जाऊन पाहिलं, तर ते ४.९ फक्त १२ जणांच्या मतांवर होतं.

संशोधन करणारा माणूस दुखावला की एक्सेल उघडतो. मीही उघडली.

छोट्या नमुन्याची सरासरी उड्या मारते, हे आपल्या सगळ्यांना परीक्षेपुरतं माहीत असतं. १२ जणांत मालकाचे चार मित्र निघाले तरी चित्र पालटतं. यावर एक साधा उपाय आहे. प्रत्येक हॉटेलला सुरुवातीला काही काल्पनिक मतं उधार द्यायची, शहराच्या सरासरीइतकी. समजा शहराची सरासरी ४.२ धरली आणि प्रत्येकाला अशी ५० मतं उधार दिली. मग १२ मतांचं ४.९ वालं हॉटेल येतं ४.३४ वर, आणि ९०० मतांचं ४.५ वालं राहतं ४.४८ वर. क्रम उलटा झाला! ज्याच्याकडे पुरावा कमी, त्याला सरासरीकडे ओढायचं; ज्याच्याकडे भरपूर, त्याला फारसं हलवायचं नाही. बेझियन पद्धतीतला हा 'श्रिंकेज'. ५० च का? तो माझा निर्णय होता, निसर्गाचा नियम नाही. अशा निवडी थिसिसमध्ये लपवू नका, उलट ठळक लिहा. परीक्षक विचारणारच असतात.

दुसऱ्या दिवशी या यादीवर विसंबून त्रेव्ही कारंज्याच्या परिसरातलं एक हॉटेल गाठलं. हजारांवर मतं, श्रिंकेज लावूनही उत्तम. जेवण? बरं. नुसतं बरं. रात्री त्याच हॉटेलची मतं भाषेप्रमाणे वेगळी करून वाचली. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी वेटरचा हसरा स्वभाव, बाहेरची बसायची जागा आणि 'आमच्या हनिमूनची आठवण' यांना तारे दिले होते. इटालियनमधली मतं (भाषांतर फोनचंच) मीठ, पास्ता किती शिजलाय आणि किंमत यावर होती, आणि ती तीन तारांच्या आसपास घुटमळत होती. दोन्ही गट खरंच बोलत होते. फक्त दोघांनी वेगवेगळी गोष्ट मोजली होती आणि ॲपने त्याची एक सरासरी काढून आमच्या हातात ठेवली होती.

इथे एक गंमत सांगायलाच हवी, कारण ती संशोधनात फार जणांना चकवते. 'प्रेक्षणीय स्थळाजवळ जेवण वाईट असतं' असं प्रवासी सर्रास म्हणतात. का असावं? कारंज्याच्या पाण्याने तर पास्ता बिघडत नाही. अशी कल्पना करा की शहरात १०० हॉटेलं उघडली. निम्मी मोक्याच्या जागी, निम्मी आडबाजूला. आणि दोन्हीकडे निम्म्यांचं जेवण चांगलं, निम्म्यांचं वाईट. म्हणजे जागा आणि चव यांचा काडीचाही संबंध नाही, प्रत्येक जोडीत २५ हॉटेलं. आता वर्षभर थांबा. जागा आडबाजूची आणि जेवणही वाईट, अशी २५ बंद पडतील. उरली ७५. त्यांत मोक्याच्या जागेवरच्या ५० पैकी २५ चांगली, म्हणजे निम्मी. आडबाजूला उरलेली २५ च्या २५ चांगली! संबंध नव्हता तिथे संबंध 'दिसायला' लागला, कारण आपण फक्त टिकलेली हॉटेलं पाहतोय. जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये हॉस्पिटलमधल्या रुग्णांच्या माहितीबाबत हेच दाखवलं होतं. एकमेकांशी संबंध नसलेले दोन आजार, फक्त भरती झालेल्या रुग्णांकडे पाहिलं तर जोडलेले भासू शकतात, कारण भरती व्हायला त्यातला कुठलाही एक पुरतो.

तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूचंही तसंच आहे. निष्कर्ष खळबळजनक असेल किंवा काम भक्कम असेल, तर पेपर छापला जातो; दोन्ही नसेल तर ड्रॉवरमध्ये राहतो. मग छापलेल्या पेपरांत खळबळजनक निष्कर्षांची कामं जरा कच्ची वाटली, तर नवल नाही. पण त्यावरून 'मोठा निष्कर्ष म्हणजे कच्चं काम' असा नियम करू नका. हॉटेल निवडताना मात्र हा नियम बिनधास्त वापरा. तिथे आपल्याला कारण शोधायचं नसतं, टिकलेल्यांतलं एक निवडायचं असतं.

आम्हीही वापरला. तिसऱ्या आणि चौथ्या रात्री स्टेशन आणि कारंजी सोडून तेस्ताच्चो भागात गेलो. जुन्या कत्तलखान्याच्या आसपास वाढलेली वस्ती. इथल्या स्वयंपाकात आतडी, शेपूट यांना मान. ज्युनिअरसाठी ही माहिती मी मनातच ठेवली. तिला मिळाला काचो ए पेपे: पास्ता, पेकोरिनो आणि मिरी, बस्स. तिने डोळे मिटून खाल्ला. "ताई, हे म्हणजे इथला मऊ भात-तूप-मेतकूट आहे," असं म्हणाली आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच मागवलं. एक्सेलमध्ये मी दोन्ही रात्रींपुढे हिरवा रंग भरला. प्रयोग यशस्वी.

पाचव्या दिवशी कार्यशाळेतल्या एका इटालियन मुलाला मी हे कौतुकाने सांगितलं. तो म्हणाला, छानच, पण तुझी मैत्रीण शाकाहारी ना? पेकोरिनो रोमानोचं दूध विरजायला कोकराच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरतात. तसा नियमच आहे, त्याशिवाय ते नाव लावता येत नाही. पार्मेजानोमध्ये वासराचं.

मेनूवर तर 'वेजेतारियानो' असं स्पष्ट लिहिलं होतं. हॉटेलवाल्याने फसवलं नव्हतं. त्याच्या व्याख्येत ताटात मांस-मासा नाही म्हणजे शाकाहारी. ज्युनिअरच्या व्याख्येत प्राणी मारून काढलेलं काहीच नाही. शब्द एक, मोजमापं दोन. आणि मी, जिला सांख्यिकीतलं एवढं कळतं, तिने १२ मतं की ९०० यावर दोन रात्री घालवल्या. 'शाकाहारी' या रकान्यात नेमकं काय भरायचं, हे मात्र पाच मिनिटंही कुणाला विचारलं नव्हतं.

तिला सांगायचं की नाही, यावर मी दुपारभर विचार केला. खरं सांगते, न सांगण्याचा मोह झाला होता. कळलं नसतं तर तिचं काही बिघडलं नसतं, आणि तीनच रात्री उरल्या होत्या. पण मग तो हिरवा रंग खोटा ठरला असता. लॅबमध्ये तिचा डेटा चुकला की तिला बोलणारी मीच असते. संध्याकाळी सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुला माहीत नव्हतं ना? मग ठीक आहे." त्या रात्री ती खोलीवर घरून आणलेली खाकरा-चटणी खाऊन झोपली. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी चालत मोंती भागात गेलो, व्हिया पानिस्पेर्ना पाहायला. या रस्त्यावरच्या संस्थेत १९३४ मध्ये एन्रिको फर्मी आणि त्यांचे तरुण सहकारी एकेका मूलद्रव्यावर न्यूट्रॉन मारत होते. युरेनियमवर मारल्यावर त्यांना नवे किरणोत्सारी पदार्थ दिसले. ते कोणते, हे ठरवायला त्यांनी युरेनियमपासून खाली शिशापर्यंतची मूलद्रव्यं तपासली. त्यातलं एकही जुळेना. म्हणून हे युरेनियमच्या पुढचं काहीतरी नवं असावं, असं मानलं गेलं. इडा नोडॅक या जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाईंनी त्याच वर्षी लिहिलं की शिशाशी का थांबलात, सगळी मूलद्रव्यं तपासायला हवीत, कदाचित केंद्रकाचे मोठे तुकडे झाले असतील. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९३८ च्या अखेरीस हान आणि स्ट्रासमन यांना युरेनियममधून बेरियम मिळालं तेव्हा कळलं की केंद्रक खरोखर फुटत होतं. फर्मींच्या गटाची मोजमापं नीटच होती. यादी शिशाशी थांबली होती, एवढंच.

मी हे सांगत असताना ज्युनिअर म्हणाली, "म्हणजे तुझी यादी चीजपाशी थांबली." तिला हसू आलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मग रस्त्याच्या कडेला उभं राहून आम्ही नवी व्याख्या लिहिली, तिच्या शब्दांत. चीज नाही. अंडं नाही, म्हणून ताजा पास्ता विचारून घ्यायचा, सुका चालेल. रश्श्यात हाडांचं पाणी नाही. आणि मासा 'दिसत नाही' म्हणून नाही असं धरायचं नाही. हे शेवटचं कलम आमच्या फार कामाला आलं. त्याच संध्याकाळी एका मेनूवर फियोरी दि झुक्का दिसलं, तळलेली भोपळ्याची फुलं. सांगलीच्या मुलीला दुसरं काय हवं, आजीची फुलांची भजीच! पण विचारलं, तर आत मोत्झारेला आणि खारवलेला अँचोव्ही मासा. पुंतारेल्ले नावाच्या हिरव्या कोशिंबिरीतही तोच मासा वाटून घातलेला.

किती वेळ नवं शोधायचं आणि कधी सापडलेल्याला धरून बसायचं, हाही संशोधनातला मोठा प्रश्न आहे. त्यावर गणितही पुष्कळ आहे. त्याचा एक धागा सोपा आहे: हातात वेळ भरपूर असेल तर नवं शोधा, कारण सापडलेलं चांगलं पुढे अनेकदा वापरता येतं. वेळ संपत आला की शोध थांबवा. तिसऱ्या वर्षी नवी तंत्रं शिकणं ठीक, सबमिशनच्या सहा महिने आधी नाही. आमच्याकडे दोन रात्री होत्या. सातवीला एक जागा जमली, तर आठवीला तिथेच जायचं, असं ठरलं.

जमली. सान लोरेन्झोत, विद्यापीठाला लागून विद्यार्थ्यांची वस्ती आहे तिथे. ॲपवर ४.१, मेनू हाताने लिहिलेला, आणि साडेसातपर्यंत शटर अर्धं खाली. काउंटरवरच्या मावशींना इंग्रजी येत नव्हतं. आम्ही फोनवर व्याख्या इटालियनमध्ये करून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, आत जाऊन कुणाला तरी विचारून आल्या आणि मेनूवरच्या चार ओळींवर बोट ठेवलं. टोमॅटो-मिरचीचा झणझणीत अराब्बियाता पास्ता आला, वर काही न किसता. सोबत लसूण-मिरचीवर परतलेली चिकोरिया, जराशी कडू, अगदी आपल्या पालेभाजीसारखी. दोघींचं बिल ३१ युरो.

आठव्या रात्री गेलो तर मावशींनी मेनू दिलाच नाही. सरळ दोन ताटं आणून ठेवली.