फोटो काढजो, पण ठेवशील कुठी?

लग्नाचा सीझन संपतो. मांडव निघतो, पाहुणे आपापल्या गावी जातात. आणि चार महिन्यांनी एका संध्याकाळी मोबाइल वाजतो.

‘‘अबे, माह्या हळदीचे फोटो पाठवजो ना!’’

तुम्ही लॅपटॉप उघडता. समोर ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर 2’, ‘लग्न फायनल’, ‘लग्न फायनल फायनल’ आणि ‘नवीन मोबाइल बॅकअप’. अडीच हजार फोटो. त्यातली हळद कुठे आणि वरात कुठे, हे शोधता शोधता रात्रीचे अकरा वाजतात. शेवटी तुम्ही मेसेज टाकता, ‘उद्या पाठवतो भाऊ.’ तो उद्या काही उजाडत नाही.

नेरसारख्या तालुक्याच्या गावात मित्रांच्या प्रत्येक कंपूत एक जण असतोच, ज्याच्या हातात कॅमेरा असतो. कुणी सेकंडहँड डीएसएलआर घेऊन प्री-वेडिंगच्या ऑर्डरी घेतो, कुणी यवतमाळच्या दुर्गोत्सवात रात्र रात्र फिरतो, कुणी टिपेश्वरच्या जंगलात वाघाची वाट बघतो. ज्याच्याकडे कॅमेरा नाही, त्याच्याकडे मोबाइल आहेच. फोटो काढायचं आता कुणालाच काही वाटत नाही. पण काढलेले फोटो सांभाळायचे कसे, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही.

म्हणून तर सगळे एकच प्रश्न विचारतात. ‘फोटोंसाठी सॉफ्टवेअर कोणतं भारी?’ आणि उत्तर मिळतं ते फिल्टरवरून. यात आकाश एका क्लिकवर बदलतं, त्यात चेहरा गोरा होतो. पण दोस्तहो, सॉफ्टवेअर निवडताना आधी एक वेगळाच प्रश्न विचारा. उद्या हे सॉफ्टवेअर बंद पडलं किंवा मला ते सोडायचं झालं, तर माझे फोटो आणि त्यावर केलेली मेहनत माझ्यासोबत बाहेर येईल का?

पिकासा आठवतंय?

तुमच्या दादाला किंवा ताईला विचारा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी सायबर कॅफेपासून घरच्या कॉम्प्युटरपर्यंत जिथे तिथे पिकासा असायचं. 2004 मध्ये गुगलने ते विकत घेतलं आणि फुकट देऊन टाकलं. हलकं, सोपं, चेहरे ओळखणारं. लोकांनी वर्षानुवर्षे बसून त्यात एकेका चेहऱ्याला नाव दिलं. ही आजी, हा मामा, ही शेजारची काकू. मग मार्च 2016 मध्ये गुगलने पिकासा बंद केलं.

फोटो कुठे गेले नाहीत, ते हार्ड डिस्कवरच होते. पण पिकासा फोटोत केलेले बदल आणि चेहऱ्यांची बरीचशी माहिती प्रत्येक फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलमध्ये लिहायचं. दुसऱ्या सॉफ्टवेअरला ती फाइल सहसा कळत नाही. ज्यांनी फक्त फोटो कॉपी केले, त्यांची नावं मागेच राहिली.

पुढचा धडा 2021 चा. गुगल फोटोजवर ‘हाय क्वालिटी’ फोटो हवे तितके फुकट ठेवता यायचे. 1 जून 2021 पासून ते थांबलं. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून 15 जीबी फुकट, त्यापुढे पैसे. थोडं गणित मांडू. मोबाइलचा एक फोटो 4 एमबीचा धरला तर 15 जीबीत साधारण पावणेचार हजार फोटो मावतात. डीएसएलआरची एक रॉ फाइल 25 एमबीची धरली तर फक्त 600. म्हणजे एका लग्नाची सकाळसुद्धा नाही.

यात कंपनीने फसवलं असं नाही. फुकट म्हणजे कायमचं, हा अर्थ आपणच काढला होता.

कामं दोन, सॉफ्टवेअरही दोन?

बहुतेकांची गफलत इथेच होते. फोटो लावून ठेवणं हे एक काम आणि फोटो सुधारणं हे दुसरं काम. फोटोशॉप 1990 साली आलं ते दुसऱ्या कामासाठी. एक फोटो घ्या, त्यावर बारकाईने काम करा. अडीच हजारांतून चांगले दोनशे निवडायला ते बनलेलंच नाही. त्यासाठी अ‍ॅडोबीनेच 2007 मध्ये लाइटरूम वेगळं काढलं. तारे द्या, गट पाडा, एका फोटोचा रंग ठरवा आणि तोच शंभर फोटोंना लावा.

लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरची आणखी एक गोष्ट समजून घ्या. ते मूळ फोटोला हात लावत नाही. ‘उजेड इतका वाढव, इथून काप’ अशा सूचना वेगळ्या लिहून ठेवतं. मूळ फोटो शाबूत राहतो, हा मोठा फायदा. पण त्या सूचना जिथे लिहिल्यात ती फाइल हरवली, तर रात्रीचा दिवस करून केलेलं एडिटिंगही गेलं. म्हणून नुसत्या फोटोंचा बॅकअप पुरत नाही, त्या सूचनांचाही घ्यावा लागतो.

आणि रॉ कशाला? जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 छटा साठवल्या जातात, 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये 16,384. मांडवातल्या पिवळ्या बल्बखाली नवरीचा चेहरा काळवंडलेला आला, तर रॉमधून तो बराच सावरता येतो. जेपीईजीमध्ये लवकर डाग पडतात.

फोटोच्या पोटातली चिठ्ठी

शेतकऱ्याच्या घरातल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात सुरू झाली. बांधावर उभं राहून कपाशीचा फोटो काढला की त्यासोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदवले जातात. साध्या फोटोच्या पोटातही अशीच एक चिठ्ठी असते. फोटो कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने काढला आणि लोकेशन सुरू असेल तर कुठे काढला.

हाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि ही चिठ्ठी गळून पडते. समजा, गारपिटीने पीक झोपलं. तेव्हा मूळ फोटो उडवून फक्त ग्रुपवरचा फोटो हाताशी असेल, तर तो कोणत्या दिवशीचा आणि कोणत्या वावरातला, हे फोटो स्वतः सांगू शकत नाही. म्हणून मूळ फोटो कधीच उडवू नका. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मग चिठ्ठीसकट जातो.

चांगलं सॉफ्टवेअर ओळखायची खूण इथेच आहे. तुम्ही दिलेली नावं, तारे, ओळी ते फक्त स्वतःच्या वहीत लिहितं, की फोटोच्या चिठ्ठीतही लिहून देतं?

खिसा आणि लॅपटॉप बघून

*फक्त मोबाइल असेल तर :* स्नॅपसीड. 2012 पासून ते गुगलकडे आहे, फुकट आहे आणि उजेड-सावलीचं बरंच काम शिकवतं. साठवायला गुगल फोटोज सोयीचं, पण ते एकमेव घर नको. त्यातून सगळे फोटो एकत्र उतरवून घेता येतात. मात्र तुम्ही लिहिलेल्या ओळी वगैरे माहिती बाजूच्या वेगळ्या फाइलींमध्ये येते, त्या फाइली कचरा समजून उडवू नका.

*जुना लॅपटॉप आणि घरचे हजारो फोटो असतील तर :* डिजिकॅम. फुकट, मुक्त स्रोत. चेहरे ओळखतं, मराठीत टॅग देता येतात आणि ते टॅग फोटोच्या फाइलमध्येच लिहायची सोय आहे. दिसायला थोडं जुनाट, पण काम चोख.

*रॉ फोटो काढत असाल तर :* डार्कटेबल किंवा रॉथेरपी. दोन्ही फुकट. डार्कटेबल 2009 मध्ये सुरू झालं, विंडोजवर यायला 2017 उजाडलं. तुमचे बदल ते प्रत्येक फोटोशेजारी एका छोट्या फाइलमध्ये ठेवतं. शिकायला महिनाभर द्यावा लागतो आणि 4 जीबी रॅमच्या लॅपटॉपला धाप लागते, हेही खरं.

*एकेका फोटोवर काम करायचं तर :* गिम्प. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी, नव्वदच्या दशकात ते कॉलेजात असताना लिहायला घेतलं होतं.

*लग्नाच्या ऑर्डरी हाच धंदा असेल तर :* लाइटरूम-फोटोशॉपचं भाडं परवडतं का, ते बघा. ते महिन्याच्या किंवा वर्षाच्या वर्गणीवर मिळतं. अल्बमचे बरेचसे तयार डिझाइन फोटोशॉपसाठीच असतात, हे वास्तव आहे. 12 बाय 36 इंचांच्या अल्बमचं एक पान 300 डीपीआयला 10,800 बाय 3,600 पिक्सेलचं होतं. ते ओढायला मशीनही तसंच लागतं. आणि वर्गणी थांबली की लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो दिसतात, बाहेरही काढता येतात, पण एडिटिंगचं दालन बंद होतं. हे माहीत असून घ्या.

क्रॅक टाकून दे ना भाऊ

आता खरं बोलू. ‘एवढे पैसे कोण देते, पेन ड्राइव्हवर आहे माह्याजवळ,’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. चोरीचं सॉफ्टवेअर टाकताना पहिली अट असते, अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे घराचं दार उघडं टाका आणि आत नवरा-नवरीचे अडीच हजार फोटो ठेवा, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच दारातून येऊ शकतो. लग्न पुन्हा लावता येत नाही.

कायदाही साधा नाही. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63 ब नुसार जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं, तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कमाईसाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं. पण ऑर्डर घेणारा माणूस ‘कमाईसाठी नाही’ असं कोणत्या तोंडाने सांगणार?

निघण्याची परीक्षा

घर भाड्याने घेताना आपण दुसरं दारही बघतो. सॉफ्टवेअरचंही तसंच बघा. एक रविवार काढा आणि हे करा.

1. कोणत्याही शंभर फोटोंची वेगळी कॉपी करा. मूळ फोटोंवर प्रयोग नको.
2. नव्या सॉफ्टवेअरमध्ये दहा फोटोंना नावं द्या, दहांना तारे द्या, पाच फोटो एडिट करा.
3. आता ते फोटो बाहेर काढा आणि दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा.
4. नावं दिसली? तारे दिसले? एडिट केलेला फोटो पूर्ण आकारात आला? तारीख बरोबर आहे?
5. चारही ‘हो’ असतील तर खुशाल वापरा. नसतील तर काय मागे राहणार, हे आताच कळलं.

सॉफ्टवेअर कोणतंही असो, तीन सवयी मात्र स्वतःच्याच हव्यात. फोल्डरला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं नाव द्या, जसं 2025-05-12, म्हणजे ते आपोआप क्रमाने लागतात. लग्नात दोन कॅमेरे असतील तर सकाळीच दोन्हींचं घड्याळ जुळवा, नाहीतर सात फेरे हळदीच्या आधी येतात. आणि तिसरी सवय 3-2-1 ची. अमेरिकन फोटोग्राफर पीटर क्रोगने रूढ केलेला हा नियम म्हणतो, फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. लॅपटॉप, एक हार्ड डिस्क आणि क्लाउड. क्लाउड परवडत नसेल तर दुसरी हार्ड डिस्क यवतमाळच्या किंवा अमरावतीच्या ताईकडे ठेवा. दिवाळीला गेलात की अपडेट करा.

आज संध्याकाळी एक काम करा. आजीची पेटी उघडायला लावा. त्यात एखादा ब्लॅक अँड व्हाइट फोटो असेल. तो उलटा करा. मागे स्टुडिओचा शिक्का असेल, कदाचित शाईने लिहिलेलं एखादं नाव, एखादं साल. ज्या फोटोमागे ते लिहिलेलं आहे, त्यातली माणसं तुम्हाला आज कळतात. ज्याच्यामागे काहीच नाही, त्यात उभी असलेली बाई कोण, हे फक्त आजीला माहीत आहे.

तो कोरा फोटो आजीसमोर धरा आणि विचारा. ती सांगेल ते नाव लिहून घ्या, मग मोबाइलने त्याचा फोटो काढा आणि तेच नाव त्याच्या चिठ्ठीतही लिहा. सॉफ्टवेअर नंतर निवडलं तरी चालेल. आजीला मात्र आजच विचारा.