पालीचा एक दिवस, वाटाड्यासोबत

अष्टविनायकाची गाडी पालीत फार वेळ रेंगाळत नाही. बल्लाळेश्वराचं दर्शन, जेवण, की लगेच महडची वाट. पण रायगड जिल्ह्यातल्या या सुधागड तालुक्यात दोन बुलंद किल्ले, गरम पाण्याची कुंडं आणि बौद्ध लेणी हाकेच्या अंतरावर नसली, तरी एका टापूत आहेत. पालीत मुक्काम ठेवून ती निवांत पाहता येतात.

सुरुवात देवळापासूनच करावी. आधी मागच्या बाजूच्या धुंडीविनायकाला नमस्कार, मग बल्लाळेश्वर, अशी इथली रीत. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा हा एकटाच गणपती. देवळातली मोठी घंटा पाहायला विसरू नये. तिची घडण युरोपीय आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, त्या मोहिमेतून ही घंटा इथे आली, असं सांगतात.

देवळामागे उभा आहे सरसगड. उन्हं तापायच्या आत चढायला लागावं. वरच्या टप्प्यात कातळातच खोदलेल्या पायऱ्या लागतात. एकेक पायरी गुडघ्याएवढी उंच, दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती. गडावर हल्ला करणाऱ्याचा दम इथेच निघावा, अशीच ती रचना. वर केदारेश्वराचं देऊळ आहे आणि खाली आंबा नदीचं खोरं पसरलेलं दिसतं.

उतरल्यावर दुखऱ्या पायांना उन्हेऱ्याची कुंडं. पालीपासून तीनेक किलोमीटरवर जमिनीतून गंधकाचं गरम पाणी येतं. वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत कोकणात असे झरे जागोजागी आहेत. जमिनीत खोल मुरलेलं पाणी तिथल्या उष्णतेने तापतं आणि खडकांतल्या भेगांमधून वर येतं.

दुपारी पाच्छापूरकडे जावं. समोर सुधागडाचा प्रचंड डोंगर. औरंगजेबाविरुद्ध बंड करून आलेला त्याचा मुलगा, शाहजादा अकबर, १६८१ मध्ये याच परिसरात राहिला आणि संभाजी महाराजांशी त्याची भेटही इथेच झाली. गडावर भोराईदेवी आणि पंतसचिवांचा वाडा आहे. हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत या पंतसचिवांच्याच भोर संस्थानात होता. मात्र सुधागड चढायचा, तर त्याला वेगळा दिवस द्यावा. नाडसूरजवळची ठाणाळे लेणीही तशीच. तिथे २३ लेणी आहेत, पण वाट दाट रानातून जाते आणि गावातला वाटाड्या न घेता गेलं, तर चुकायला वेळ लागत नाही.

तो वाटाड्याच या भटकंतीचा जीव. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा किंवा ग्लासगोहून निघणाऱ्या एक दिवसाच्या सहली लोकप्रिय आहेत. लॉख लोमंडचं सरोवर, स्टर्लिंगचा किल्ला, आणि पुष्कळदा गाडी चालवणाराच वाटेत १३१४ ची बॅनकबर्नची लढाई सांगत असतो. सुधागड तालुक्याकडे सांगण्यासारखं त्याहून कमी नाही. इथल्या गावांतल्या तरुणांना इतिहासाचं, लेण्यांचं नीट प्रशिक्षण मिळालं, तर यात्रेकरू एक रात्र जास्त राहतील आणि त्याचा पैसा नाडसूर, पाच्छापूर, धोंडसे या गावांपर्यंत पोचेल.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सगळ्यांत चांगले. पावसाळ्यात सरसगडाच्या पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा लहान मुलं बरोबर असतील तर देऊळ आणि उन्हेरे एवढंच करावं.